हान्स घोड्याचा अर्धवट धडा

प्राणी विचार करतात का, हे नववी-दहावीच्या वर्गात शिकवायचे तर बर्लिनच्या हान्स घोड्याची गोष्ट पुरती सांगायला हवी. निवृत्त गणितशिक्षक विल्हेल्म फॉन ओस्टेन यांचा हा घोडा खूर आपटून बेरजांची उत्तरे देई. १९०४ च्या चौकशी समितीला त्यात लबाडी आढळली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट यांनी विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल अशी व्यवस्था केली आणि घोडा चुकू लागला. समोरच्याच्या डोक्याची नकळत झालेली, अगदी बारीक हालचाल पाहून तो थांबत असे. यावरून घोड्याला विचारच नाही असे ठरवणे घाईचे आहे. ही निव्वळ लागलेली सवय होती, हा आक्षेप वजनदार खराच; पण फुंग्स्ट यांनी खोडले ते घोड्याचे अंकगणित. विचारशक्तीची परीक्षा तिथे झालीच नव्हती. शिक्षकांनी मुलांना निकालाआधी तो प्रयोग शिकवावा.