पूरक रंगांचा सिद्धान्त आणि छायाचित्रांतील रंगदोषांचे निवारण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

छायाचित्र हे आधुनिक इतिहासलेखनाचे एक मान्य साधन आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अनेक रंगीत छायाचित्रांवर आज तांबूस झाक चढलेली दिसते. संगणकावर ती काही क्षणांत दूर करता येते. मात्र ज्या पूरक रंगांच्या तत्त्वावर ही दुरुस्ती आधारलेली आहे, त्याचा इतिहास व मर्यादा यांचा विचार सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात या तत्त्वाच्या विकासाचा आढावा घेऊन, रंगदुरुस्ती ही केवळ तांत्रिक क्रिया नसून साधनाचा अर्थ लावण्याचाच एक भाग आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

रंगद्रव्य आणि प्रकाश

न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात वर्णपटातील रंगांची वर्तुळाकार मांडणी केली. पूरक रंगांचा पद्धतशीर अभ्यास मात्र पुढे रंगारीकामातून आकाराला आला. पॅरिस येथील गोब्लँ या राजाश्रित विणकामशाळेच्या रंगविभागाचे प्रमुखपद १८२४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांच्याकडे आले. तेथील काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार होती. दोष रंगात नसून शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या सान्निध्यात आहे, असे त्यांना आढळले. १८३९ मधील त्यांच्या ग्रंथामुळे लाल-हिरवा, नारिंगी-निळा व पिवळा-जांभळा या जोड्या चित्रकारांमध्ये दृढ झाल्या.

या जोड्या प्रकाशाला जशाच्या तशा लागू पडत नाहीत. निळे व पिवळे रंगद्रव्य मिसळल्यास हिरवा रंग मिळतो; परंतु निळा व पिवळा प्रकाश योग्य प्रमाणात एकत्र आल्यास पांढरा दिसतो. रंगद्रव्य प्रकाशाचा काही भाग शोषून घेते, म्हणजे वजाबाकी करते. प्रकाशकिरणांची मात्र बेरीज होते. हा भेद हेल्महोल्ट्झ यांनी १८५२ मध्ये स्पष्ट केला. त्या वेळी त्यांना वर्णपटात पूरक रंगांची एकच जोडी सापडली होती. प्रत्येक रंगाला पूरक रंग असलाच पाहिजे, असे ग्रासमान यांनी १८५३ मध्ये गणिताच्या आधारे प्रतिपादन केले. हिरव्याचा पूरक रंग वर्णपटात नाहीच. तो वर्णपटाच्या दोन टोकांकडील तांबड्या व निळ्या-जांभळ्या प्रकाशाच्या मिश्रणातून मिळतो. छायाचित्रणात वापरल्या जाणाऱ्या जोड्या या विचारावर उभ्या आहेत : लाल आणि सायन (निळसर हिरवा), हिरवा आणि मॅजेंटा (किरमिजी जांभळा), निळा आणि पिवळा.

छायाचित्रणातील उपयोजन

१८६१ मध्ये मॅक्सवेल यांनी लंडन येथे तीन रंगीत गाळण्यांतून घेतलेल्या प्रतिमा पडद्यावर एकत्र करून रंगीत चित्र दाखविले. ही बेरजेची पद्धत होती. कागदावरील चित्रासाठी वजाबाकीची पद्धत आवश्यक होती. फ्रान्समध्ये द्युको द्यु ओराँ व शार्ल क्रो या दोघांनी १८६९ मध्ये ती स्वतंत्रपणे मांडली. १९३५ मधील कोडाक्रोम व १९३६ मधील आग्फाकलर या फिल्मांत सायन, मॅजेंटा व पिवळा या रंगांचे तीन थर तयार होत.

रंगदोष हा या तिन्हींचा तोल ढळल्याचा परिणाम होय. सुमारे ५५०० केल्व्हिनच्या दिवसाच्या उजेडासाठी बनविलेली फिल्म विजेच्या दिव्याखाली वापरल्यास चित्र पिवळट-नारिंगी येते. म्हणून भिंगापुढे निळसर गाळणी लावीत. निगेटिव्हवरून छपाई करताना मात्र उलट नियम होता. चित्रात पिवळी झाक असल्यास प्रकाशात पिवळीच गाळणी वाढवावी लागे, कारण कागदावर रंग उलटे उमटतात.

येथे एक मूलभूत प्रश्न उद्भवतो : झाक कोणती आणि वस्तूचा खरा रंग कोणता? कोडॅकचे राल्फ इव्हान्स यांनी १९४६ मध्ये पेटंटसाठी मांडलेल्या पद्धतीत, सर्वसाधारण दृश्यातील रंगांची सरासरी करडी असते, असे गृहीत धरले होते. स्वयंचलित छपाईला हे गृहीतक उपयुक्त ठरले. पण चौकटभर हिरवे शेत असल्यास यंत्र त्यालाच दोष समजून मॅजेंटा झाक आणी. तसेच छपाईचा तोल साधण्यासाठी प्रयोगशाळांत दीर्घकाळ गौरवर्णीय स्त्रीचे चित्र असलेली प्रमाणपत्रिका वापरली जाई. ‘योग्य’ त्वचारंगाचे माप त्या पत्रिकेने ठरविले आणि सावळ्या व काळ्या वर्णाच्या व्यक्तींचे चित्रण त्यात गौण ठरले.

कालप्रभाव आणि दुरुस्तीची मर्यादा

त्या काळातील अनेक फिल्मांत व छापील प्रतींत सायन रंजक अंधारात साठवूनही लवकर विटतो. सायन लाल प्रकाश शोषून घेतो. तो विटला की लाल प्रकाश अडत नाही व चित्र तांबूस दिसते. संगणकावर सायन वाढवून सरासरी तोल साधता येतो. परंतु त्या थरातील जो तपशील पूर्णतः नष्ट झाला, तो परत येत नाही. डोळ्यांना समाधान देणारा रंग तेवढा मिळतो.

निष्कर्ष

पूरक रंगांचे ज्ञान झाक कशी काढावी हे सांगते; किती काढावी हे सांगत नाही. तो निर्णय अभ्यासकाचा असतो व त्यामागे करड्याविषयीचे किंवा त्वचेविषयीचे एखादे गृहीतक असते. म्हणून साडीचा, ध्वजाचा वा भिंतीचा रंग पुरावा म्हणून वापरताना दुरुस्त प्रतीवर विसंबणे धोक्याचे आहे. छायाचित्रांचे संगणकीकरण करणाऱ्या ग्रंथालयांनी दुरुस्ती न केलेली मूळ प्रत स्वतंत्र जतन करावी आणि केलेल्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद तिच्यासोबत ठेवावी.