ओल्डहॅमहून परतलेल्या

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडातील ओल्डहॅमच्या इस्पितळात लुईस ब्राऊन जन्मली आणि ‘टेस्ट ट्यूब बेबी’ हा शब्द आपल्याकडेही घरोघर पोहोचला. मला मात्र त्या जन्माआधीच्या नऊ वर्षांचा हिशेब अधिक बोलका वाटतो.

रॉबर्ट एडवर्ड्‌स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी या तिघांच्या तेव्हाच्या वह्या अभ्यासकांनी पुढे पानन्‌पान तपासल्या. २८२ स्त्रिया. स्त्रीबीज मिळवण्यासाठी ४५७ वेळा पोटात दुर्बीण घातली गेली. गर्भ गर्भाशयात सोडण्यापर्यंत मजल गेली ११२ वेळा. दिवस राहिले पाच जणींना, आणि मुले जन्मली दोन!

साधी वजाबाकी करून पाहावी. २८२ जणींची पहिली खेप सोडली तर उरतात १७५ खेपा. म्हणजे निदान १०७ जणी एकदाच येऊन थांबल्या. त्यांना भित्र्या ठरवणे मला पटत नाही. पुन्हा येणे म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा बेंबीपाशी छेद. आणि ‘अमकीला गुण आला’ असे सांगायला तोवर जगात एकही बाई नव्हती. आपल्याकडे नवसालासुद्धा कुणा शेजारणीचा दाखला लागतो.

पुढे जावे की थांबावे, हा पेच डॉक्टरांनाही चुकला नाही. १९७१ मध्ये सरकारी वैद्यकीय संशोधन मंडळाने पैसा नाकारला. संप्रेरके देऊन अनेक बीजे पिकवली, तर गर्भ तयार होई पण रुजत नसे. पहिला रुजला तो नळीत, काढावा लागला. अखेर १९७७ मध्ये त्यांनी संप्रेरकांचा नाद सोडला आणि शरीर स्वतः पिकवील त्या एकुलत्या बीजावर भिस्त ठेवली. दर काही तासांनी लघवी तपासायची आणि खूण दिसताच, मध्यरात्र असली तरी, शस्त्रक्रियेला लागायचे. लेस्ली ब्राऊनला दिवस राहिले ते या वाटेने.

१९७८ मध्ये स्टेप्टो निवृत्त झाले आणि ओल्डहॅमचे काम थांबले. केंब्रिजजवळचे बोर्न हॉल उघडले १९८० मध्ये. मधल्या काळात वय उलटून गेले, अशांच्या बाबतीत निर्णय काळानेच घेतला. लेस्ली तिथे पुन्हा गेली. १९८२ मध्ये तिला दुसरी मुलगी झाली. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांना यश आले, ते ६ ऑगस्ट १९८६ रोजी.

एडवर्ड्‌सना २०१० मध्ये नोबेल मिळाले. तोवर पर्डी आणि स्टेप्टो हयात नव्हते. आणि त्या १०७ जणींपैकी कित्येकी आजी होण्याच्या वयाच्या झाल्या होत्या.