वकील इंटरनेटवर पुरावा कसा शोधतात? ओसिंट प्रशिक्षणात नेमकं काय शिकवलं जातं

समजा, तुम्ही नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅट बुक केला. बिल्डरच्या वेबसाइटवर ताब्याची तारीख होती, क्लबहाऊसचे फोटो होते. पुढे काम रखडलं, तुम्ही तक्रार केली आणि वेबसाइटवरचं ते पानच बदललं. तुमच्याकडे उरला एक स्क्रीनशॉट. तो घेऊन तुम्ही वकिलांकडे गेलात, तर त्यांचा पहिला प्रश्न असेल: "हा कधी काढला, कोणत्या फोनवर, आणि लिंक कुठे आहे?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वकील नाही. पण तंत्रज्ञान आणि कायदा एकत्र येतात ते याच प्रश्नाशी. इंटरनेटवर एखादी गोष्ट सापडणं वेगळं आणि ती सिद्ध करणं वेगळं.

ओसिंट म्हणजे काय?

सगळ्यांना खुल्या असलेल्या माहितीतून केलेला पद्धतशीर तपास म्हणजे ओसिंट. वेबसाइट, सरकारी पोर्टल, नकाशे, सोशल मीडियावरच्या पब्लिक पोस्ट हे सगळं त्यात येतं. हॅकिंग त्यात येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाची ई-कमिटी वकिलांना ई-फायलिंग आणि ई-कोर्ट्स सेवा वापरण्याचं प्रशिक्षण देते. ओसिंट ही त्याच्या पुढची पायरी. अमेरिकेत बर्कले विद्यापीठाच्या ह्यूमन राइट्स सेंटरने २०१६ पासून विद्यार्थ्यांना असा तपास शिकवायला सुरुवात केली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयासोबत त्यांनी 'बर्कले प्रोटोकॉल' ही नियमावली तयार केली. गरज खरी होती: ऑगस्ट २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियातल्या एका कमांडरविरुद्ध काढलेलं अटक वॉरंट बऱ्याच अंशी सोशल मीडियावर आलेल्या व्हिडिओंवर आधारलेलं होतं.

वकिलांनी शिकायच्या पाच गोष्टी

१. आधी प्रश्न, मग सर्च. "या बिल्डरबद्दल सगळं शोधा" हा प्रश्न नाही. "बुकिंगच्या दिवशी वेबसाइटवर ताब्याची कोणती तारीख होती?" हा प्रश्न आहे.

२. मूळ नोंदीपर्यंत जा. बातमी किंवा फॉरवर्डवर थांबायचं नाही.
- महारेरा: प्रकल्पाची नोंदणी, पूर्ण करण्याची जाहीर केलेली तारीख, मुदतवाढ.
- महाभूलेख: सातबारा फुकट दिसतो, पण तो फक्त माहितीसाठी. कायदेशीर कामाला डिजिटल सहीचा सातबारा लागतो, त्याची फी १५ रुपये.
- नोंदणी व मुद्रांक विभागाचा ई-सर्च: खरेदीखताची सूची क्रमांक २, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो ती.
- ई-कोर्ट्स: पक्षकाराच्या नावाने किंवा १६ अक्षर-अंकी सीएनआर नंबरने खटल्याची स्थिती.
- कंपनी व्यवहार मंत्रालयाचं पोर्टल: कंपनीची नोंदणी आणि संचालक.

३. पुसलेलं पान शोधा. इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन वेबसाइटच्या जुन्या प्रती तारखेसह जपतं. प्रत्येक पान तिथे मिळेलच असं नाही. म्हणून आज दिसणारं पान आजच तिथे सेव्ह करायचं.

४. फोटो तपासा. गूगल लेन्सने उलटा शोध घेतला की 'साइटवरचा फोटो' भलत्याच शहरातला निघू शकतो. गूगल अर्थच्या जुन्या उपग्रह चित्रांतून एखाद्या वर्षी त्या जागी बांधकाम होतं का, हे पाहता येतं. मूळ फोटोच्या फाइलमध्ये वेळ, कॅमेरा आणि कधीकधी ठिकाणही असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की ही माहिती निघून जाते. म्हणून वकिलांना मूळ फाइल द्या किंवा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

५. नोंदवही ठेवा. हा भाग सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा. पूर्ण लिंक, तारीख, वेळ, कोणतं उपकरण, कोणी उघडलं हे सगळं लिहायचं आणि फाइलची हॅश व्हॅल्यू काढायची. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. एसएचए-२५६ पद्धतीत तो ६४ अक्षर-अंकांचा असतो. फाइलमध्ये एक टिंब बदललं तरी ठसा पूर्ण बदलतो. "हे एडिट केलंय" असा आरोप झाला तर दोन ठसे जुळवून दाखवता येतात. फक्त एक लक्षात ठेवा: ठसा काढल्यानंतर फाइल बदलली नाही, एवढंच यातून कळतं.

कोर्टात काय होतं? जालन्याचं उदाहरण

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले. कैलास गोरंट्याल यांनी निवडणुकीला आव्हान दिलं. खोतकरांचे उमेदवारी अर्ज मुदत संपल्यावर घेतले, हा मुद्दा होता, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण. पण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही.

उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला आणि नियम स्पष्ट केला. मूळ उपकरणच कोर्टात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्र लागत नाही. कॉपी दिली तर ते बंधनकारक आहे. मात्र पक्षकाराने सगळे प्रयत्न करूनही दुसऱ्याने ते दिलं नाही, तर त्याची शिक्षा पक्षकाराला नाही. म्हणजे मागणीचे अर्जसुद्धा जपून ठेवायला हवेत.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्राचे दोन भाग असतात: एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात हॅश व्हॅल्यूही लिहावी लागते. त्यामुळे ती पाचवी पायरी आता थेट कायद्याच्या फॉर्ममध्येच आली आहे.

दोन धोके

एआयवर आंधळा विश्वास: २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निकाल कोर्टात सादर केले. ते निकाल अस्तित्वातच नव्हते. त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. एआयला दिशा विचारा, पण मूळ निकाल स्वतः उघडून वाचा.

मर्यादा ओलांडणं: पासवर्ड वापरून पाहणं, परवानगीशिवाय कोणाच्या खात्यात शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. फेक प्रोफाइल काढून रिक्वेस्ट पाठवणंही टाळा. त्यात तुमचीच बाजू अडचणीत येते.

तुम्ही आज काय करू शकता?

फ्लॅट, नोकरी किंवा ऑनलाइन व्यवहार असो, पैसे भरण्याआधी ते पान वेबॅक मशीनमध्ये सेव्ह करा. स्क्रीनशॉटमध्ये पूर्ण लिंक आणि वेळ दिसू द्या. मूळ फाइल क्रॉप करू नका, चॅट डिलीट करू नका, फोन बदलताना जुना लगेच फॉरमॅट करू नका. वकील कितीही हुशार असले, तरी पुरावा पहिल्यांदा तुमच्याच हातात असतो.