एक लिटर तेल म्हणजे एक किलो नव्हे. डबा घेताना आधी हे बघा

किराणा दुकानात तेलाचं पाकीट लिटरवर मिळतं, घाण्यावर तेल बहुतेक किलोवर. भाव विचारताना दोन्ही सारखंच धरलं जातं आणि गणित तिथंच चुकतं. तेल पाण्यापेक्षा हलकं. शेंगदाणा, सोयाबीन, सूर्यफूल, करडई, कोणतंही घ्या, एका लिटरचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे एक किलो तेल जवळपास १ लिटर १०० मिली होतं.

समजा, पाकीट १५० रुपये लिटर आणि घाण्याचं तेल १६० रुपये किलो आहे. पाकीट स्वस्त वाटतं. पण १५० ला ०.९१ ने भागा, किलोमागे १६५ रुपये पडतात!

खरा फटका डब्यात. १५ लिटरच्या डब्यात साधारण १३ किलो ६५० ग्रॅम तेल बसतं, १५ किलोच्या डब्यात सुमारे साडेसोळा लिटर. लग्नाचा बाजार भरताना नुसतं 'पंधराचा डबा द्या' म्हणू नका, किलो की लिटर ते छापलेलं वाचा. उन्हात तेल फुगतं, मापात कमी वजन येतं. त्यामुळं सुटं तेल वजनावरच घेतलेलं बरं. पाकिटावरही ग्रॅम बघा. वजन कमी भरलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.