सलग ट्रायथलॉन

सलग ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे या तीन प्रकारांची पूर्ण शर्यत लागोपाठच्या दिवशी दोन किंवा अधिक वेळा पार पाडणे. काही आयोजनांत शनिवारी एक आणि रविवारी दुसरी शर्यत ठेवलेली असते व हौशी खेळाडू दोन्हींत नाव नोंदवतात. दुसऱ्या टोकाला दररोज एक आयर्नमॅन अंतर कापण्याचे उपक्रम आहेत. प्रकार कोणताही असो, दोन शर्यतींमधल्या मोजक्या तासांत शरीर किती सावरते यावर दुसरा दिवस अवलंबून असतो, आणि ते सावरणे मुख्यतः पहिल्या दिवशी राखलेल्या वेगावर ठरते.

अंतरे आणि प्रकार

स्प्रिंट ट्रायथलॉनमध्ये साधारणपणे ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल व ५ किलोमीटर धावणे असते; ऑलिंपिक अंतर याच्या दुप्पट आहे. आयर्नमॅन शर्यतीत ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे असते. अतिदीर्घ ट्रायथलॉनमध्ये या अंतराच्या पटीतील शर्यती दोन पद्धतींनी होतात: एका पद्धतीत सर्व पोहणे, मग सर्व सायकल, मग सर्व धावणे असे अखंड चालते, दुसरीत दररोज एक पूर्ण ट्रायथलॉन होते. सलग ट्रायथलॉन हे नाव काटेकोरपणे दुसऱ्या पद्धतीलाच लागू पडते.

अमेरिकेतील जेम्स लॉरेन्स यांनी २०१५ मध्ये ५० दिवसांत ५० राज्यांत ५० आयर्नमॅन अंतरे पूर्ण केली आणि २०२१ मध्ये हा आकडा सलग १०१ दिवसांवर नेला. ब्रिटनचे शॉन कॉनवे यांनी २०२३ मध्ये १०५, तर जर्मनीचे योनास डाइशमान यांनी २०२४ मध्ये रोट येथे १२० दिवस हा क्रम चालवला. हवाई बेटावर १९८३ पासून होणारी अल्ट्रामॅन ही तीन दिवसांत विभागलेली एकच शर्यत असल्याने या व्याख्येत बसत नाही. मात्र तिच्यातही प्रत्येक दिवसाला बारा तासांची मर्यादा असते, त्यामुळे वेगाचे गणित जवळपास तेच राहते. अभिनेते मिलिंद सोमण यांनी २०१७ मध्ये या मालिकेतील फ्लोरिडाची शर्यत पूर्ण केली होती.

वेगाचे नियोजन

तिन्ही प्रकारांची दुसऱ्या दिवशी मोजावी लागणारी किंमत सारखी नसते. पोहण्यात पायांवर फारसा ताण येत नाही. सायकल चालवताना स्नायूंतील ग्लायकोजेन मोठ्या प्रमाणात खर्च होते. पण स्नायूतंतूंना इजा कमी होते. धावताना मात्र प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू भार पेलत असतानाच ताणले जातात. अशा आकुंचनामुळे तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि तिचे दुखणे २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचते. उतारावर ही इजा अधिक होते. म्हणून पहिल्या दिवशी हात आखडता घ्यायचा तो धावण्यात, विशेषतः शेवटच्या टप्प्यात. अंतिम रेषेजवळची झेप काही सेकंद वाचवते आणि दुसऱ्या दिवशी कित्येक मिनिटे घेऊन जाते. लांब अंतरात ठरावीक काळाने चालणे हा कमीपणा मानला जात नाही. ते दमल्यावर नाइलाजाने न करता पहिल्या किलोमीटरपासून करणे हिताचे असते.

दुसऱ्या दिवशी हृदयगतीचे यंत्र फसवू शकते. लागोपाठच्या श्रमांनंतर तेवढेच कष्ट घेऊनही हृदयगती नेहमीइतकी चढत नाही. आकडा कमी दिसतो म्हणून वेग वाढवणारा खेळाडू धावण्याच्या उत्तरार्धात कोसळतो. त्यामुळे जाणवणारे श्रम आणि, उपलब्ध असल्यास, सायकलवरील शक्तिमापक यांवर अधिक विसंबावे लागते.

दोन शर्यतींमधील काळ

प्रौढ शरीरात ग्लायकोजेनचा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो आणि पूर्ण रिकामा झाल्यास तो भरायला, भरपूर कर्बोदके घेऊनही, सुमारे चोवीस तास लागतात. शर्यतीनंतरचे पहिले चार तास त्यासाठी मोलाचे असतात. या काळात शरीराच्या दर किलो वजनामागे ताशी १ ते १.२ ग्रॅम कर्बोदके घेण्याची शिफारस केली जाते. ६० किलो वजनाच्या खेळाडूला हे प्रमाण ताशी ६० ते ७२ ग्रॅम पडते. भात, बटाटे, पाव, केळी असे सवयीचे अन्न पुरते. नवा पदार्थ करून पाहण्याची ही वेळ नव्हे. शर्यत चालू असतानाच नियमित खाणे हाही रात्रीच्या सावरण्याचाच भाग आहे, कारण तूट जितकी कमी तितकी भरपाई सोपी.

झोप सहज मिळेल असे गृहीत धरता येत नाही. थकवा असूनही दुखणाऱ्या पायांमुळे ती मोडते. म्हणून कोरडे बूट, कपड्यांचा दुसरा संच, सायकलची तपासणी आणि सकाळचे खाणे यांची तजवीज पहिल्या शर्यतीआधीच केलेली बरी.

पूर्वतयारी

सरावाचा गाभा म्हणजे थकलेल्या पायांनी पुन्हा निघणे. शनिवारी लांब सायकल आणि रविवारी लांब धाव ही रूढ जोडी आहे. सायकलवरून उतरून लगेच धावण्याचा सराव तिला पूरक ठरतो. उतारावरील मध्यम धावही उपयोगी पडते, कारण एकदा सोसलेल्या इजेनंतर स्नायू काही आठवडे तशाच श्रमाला अधिक चिवटपणे तोंड देतात. अशा सरावाचा शेवटचा जड टप्पा शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी संपवून पुढे श्रम घटवले जातात.

धोके

तहानेपेक्षा फार जास्त पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या घटू शकते. रात्री दुखणे दाबण्यासाठी आयब्युप्रोफेनसारखी औषधे घेण्याची सवय अधिक चिंतेची आहे: निर्जलीकरण व स्नायूंची झीज यांच्या जोडीला ती मूत्रपिंडावरचा ताण वाढवतात. लघवी चहासारखी गडद होणे, ठरावीक हाडावर बोट ठेवताच कळ येणे, छातीत दुखणे किंवा भ्रम होणे ही दुसऱ्या दिवशी सुरुवातीच्या रेषेकडे न जाता डॉक्टरांकडे जाण्याची लक्षणे आहेत.