राजा पडला की प्रधान हुकूम

आमच्या यवतमाळकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत पत्ते म्हणजे मेंढीकोट. चार भिडू, समोरासमोरचे दोघं एका बाजूला, आणि सगळी मारामारी चार दश्श्यांसाठी. यात हुकूम एकदा ठरला की ठरला. इस्पिक हुकूम असेल तर इस्पिकची दुर्रीसुद्धा बदामच्या एक्क्याला मारते, आणि शेवटच्या हातापर्यंत मारतच राहते. त्यामुळे पत्त्याची ताकद पत्त्यावरच छापलेली असते असं आपल्या डोक्यात पक्कं बसतं.

हा समज मोडणारा एक खेळ १९९४ साली अमेरिकेत निघाला. रिचर्ड गारफिल्ड या गणितातल्या डॉक्टरेटवाल्या माणसानं तो बनवला. पहिलं नाव 'जिहाड', १९९५ पासून 'व्हॅम्पायर: द इटर्नल स्ट्रगल'. विषय रक्तपिपासू व्हॅम्पायरांच्या भाऊबंदकीचा, पण आपल्याला त्यांच्याशी काम नाही. मजा त्यातल्या मारामारीच्या पत्त्यांची आहे.

एका व्हॅम्पायरचा बेत दुसऱ्यानं अडवला की दोघांची जुंपते. फेरीच्या पायऱ्या ठरलेल्या: आधी अंतर ठरतं (जवळ की लांब), मग वार, मग पुढे लढायचं की थांबायचं. प्रत्येक पत्ता आपापल्या पायरीवरच टाकता येतो. रिकाम्या हाताचा गुद्दा १ अंकाचा. अंतर ठरायच्या आधी 'टॉर्न साइनपोस्ट' टाकला तर ताकद २ नं वाढते. जवळचं अंतर मिळालं की, वार ठरायच्या आधी, 'इम्मॉर्टल ग्रॅपल'. आता दोघांनाही फक्त हातानंच मारता येणार, म्हणजे समोरच्याची बंदूक बाद आणि पळून जाण्याचा पत्ताही बाद. मग वाराच्या वेळी 'अनडेड स्ट्रेंथ', आणखी २. एकूण ५. फेरीच्या शेवटी 'टेस्ट ऑफ व्हिटे' टाकून समोरच्यानं गमावलेलं रक्त आपल्या खात्यात! (हे आकडे ती विद्या पूर्ण शिकलेल्या व्हॅम्पायरचे बरं का.)

आता गंमत बघा. यातला एकेक पत्ता सुटा घेतला तर बिचारा आहे. नुसतं ग्रॅपल म्हणजे मिठी मारून १ अंकाचा गुद्दा. साइनपोस्ट टाकला आणि समोरचा लांब सरकला, तर हात पोचणारच नाही. चार पत्ते हातात असणं पुरत नाही, ते त्या क्रमानं पडावे लागतात. आम्हा प्रोग्रॅमर लोकांना हे लगेच पटतं. ओळी त्याच, क्रम बदलला की उत्तर वेगळं.

बरेच जण हे अगदी नवीन समजतात. मला मात्र हे वाचताना सावंतवाडी आठवते.

गंजिफा हा खेळ आपल्याकडे मुघलांबरोबर रुजला. बाबरानं १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. 'आईन-ए-अकबरी'त १२ रंगांच्या, १४४ पानांच्या जोडाचं वर्णन आहे. पुढे ८ रंगांचा, ९६ पानांचा जोड मुघल गंजिफा म्हणून रूढ झाला. आपल्या लोकांनी त्यात विष्णूचे दहा अवतार बसवले. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू. दर रंगात राजा, प्रधान आणि १ ते १० अशी १२ पानं, म्हणजे १२० गोल पानं. खेळणारे तिघं, प्रत्येकाला ४०.

आता नियम बघा. दिवसा खेळताना ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची उतारी, रात्री कृष्णाच्या राजाची. पाच रंगांत प्रधानानंतर १० मोठा, मग ९, आणि १ सगळ्यात खाली. उरलेल्या पाच रंगांत नेमकं उलटं: प्रधानानंतर १ मोठा आणि १० तळाला. म्हणजे दहा ठिपक्यांचं पान एका रंगात सरदार आणि दुसऱ्यात शिपाई.

आणि खरी मेख 'हुकूम' या शब्दात आहे. गंजिफात हुकमाचा असा रंगच नसतो. त्या-त्या रंगात खेळायची राहिलेली सगळ्यात मोठी पानं ती हुकूम. राजा पडला की त्या रंगाचा प्रधान हुकूम होतो, प्रधान गेला की त्याच्या खालचं पान. आधी किरकोळ असलेलं पान, वरची सगळी पडली की, राजाइतकंच बलवान होतं. कुठलं पान गेलं आणि कुठलं राहिलं, हे १२० पानांत लक्षात ठेवायचं! हुकूम पानावर रंगवलेला नसतो, तो डावाच्या क्रमातून तयार होतो. व्हॅम्पायरवाल्यांची करामत चार पत्ते एकमेकांवर रचण्याची, गंजिफावाल्यांची स्मरणशक्तीची. पण पान कधी पडतं यावर त्याचं वजन, हे तत्त्व दोन्हीकडे एकच.

पुढे मात्र दोघांच्या वाटा फुटतात. व्हॅम्पायरचा खेळ मूळ कंपनीनं १९९६ नंतर सोडला, २००० साली दुसरीनं उचलला, २०१० मध्ये तिनंही छपाई थांबवली. पण खेळाडूंची संघटना स्पर्धा भरवत राहिली, आणि २०१८ पासून नवी कंपनी पत्ते पुन्हा छापू लागली. पत्ते बंद झाले तरी खेळणारे होते, म्हणून खेळ जगला.

सावंतवाडीत उलटं झालं. कला संपत आली होती तेव्हा, १९७० च्या दशकात, शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. त्यांच्यामुळे पानं वाचली. लाखेचा थर दिलेली, हातानं रंगवलेली ती पानं आज लोक हौसेनं नेतात, आणि भिंतीवर लावतात. डाव मांडणारे विरळा.

कारागिरी वाचली याचा आनंद आहेच. पण फ्रेममधला राजा कधी पडत नाही, आणि राजा पडल्याशिवाय प्रधान हुकूम होत नाही. गंजिफाची अर्धी कला रंगात आहे, उरलेली अर्धी त्या क्रमात, आणि ती लाखेनं टिकत नाही.

असो. येत्या वीकांताला तिघं जमत असाल तर पुठ्ठ्याचे १२० गोल कापा, दहा चिन्हं काढा. दिवस असेल तर रामाचा राजा कुणाकडे ते विचारा, आणि उतारी करा.