सह्याद्रीचे पाणी आणि मुंबईचा कोळसा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या कापडधंद्याची जी भरभराट झाली, ती वाफेच्या बळावर झाली. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेव येथील गिरणी 1856 साली चालू झाली आणि पुढच्या काही दशकांत गिरणगाव धुराड्यांनी भरून गेले. या गिरण्यांना लागणारा कापूस पश्चिम भारतातच पिकत असला, तरी बाष्पयंत्रांना लागणारा दगडी कोळसा ब्रिटनमधून जहाजाने किंवा बंगालच्या खाणींतून आणावा लागे. त्यामुळे इंधनाचा खर्च हे मुंबईच्या गिरणी व्यवसायाचे कायमचे दुखणे होते.

यावरचा उपाय जमशेदजी टाटा यांनी सह्याद्रीच्या पावसात पाहिला. त्यांच्या निधनानंतर 1910 साली टाटा जलविद्युत कंपनी स्थापन झाली, 1911 साली लोणावळ्याला कामाची पायाभरणी झाली आणि 1915 साली खोपोलीच्या केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली. घाटमाथ्यावरचा पाऊस चार महिन्यांतच पडून जात असल्याने तो धरणांत साठवायचा, सुमारे पाचशे मीटर उंचीवरून पोलादी नळांतून कोकणात सोडायचा आणि त्या वेगाने जलचक्र, म्हणजे टर्बाइन, फिरवायचे, अशी ही रचना होती. भिवपुरी (1922) आणि भिरा (1927) या केंद्रांनी तिचा विस्तार केला. पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात जाणारे पाणी अशा रीतीने पश्चिमेकडे वळले आणि गिरण्यांचे साचे घाटावरच्या पावसावर चालू लागले.

या विजेला धूर नव्हता; पण तिची किंमत मोजणारे लोक मुंबईपासून दूर होते. भिरा केंद्रासाठी मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ मुळशीचे धरण बांधायचे ठरले, तेव्हा मावळातील पन्नासच्या आसपास गावे आणि त्यांची भातखाचरे बुडणार हे उघड झाले. शेतकऱ्यांची संमती न घेता काम सुरू झाल्याने 1921 साली, रामनवमीच्या दिवशी, ‘जान किंवा जमीन’ या निर्धाराने सत्याग्रह उभा राहिला. पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले, कारावास सोसला आणि ‘सेनापती’ ही पदवी त्यांना याच लढ्याने मिळाली. सरकारने भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या मदतीला दिला आणि अखेरीस धरण पूर्ण झाले.

एवढी किंमत देऊनही कोळशाची गरज संपली नाही. पावसाचे पाणी ठरावीकच असते, विजेची मागणी मात्र वाढतच जाते; म्हणून 1956 साली ट्रॉम्बे येथे इंधन जाळून वीज करणारे औष्णिक केंद्र उभे राहिले आणि पुढे कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पानंतरही राज्याचा मुख्य भार विदर्भातील कोराडी आणि चंद्रपूर येथील कोळशावरच्या केंद्रांकडे गेला. नवा ऊर्जास्रोत जुन्याची जागा घेण्याऐवजी त्याच्या जोडीला येऊन बसला आणि एकूण वापर वाढला, हे या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे. सूर्य आणि वारा यांच्याकडे वळतानाही जमिनी लागणारच आहेत. जुन्या इंधनाचा वापर प्रत्यक्षात किती घटला आणि जमीन देणाऱ्यांची संमती काम सुरू होण्याआधी घेतली गेली की नाही, या दोन कसोट्या मुळशीच्या अनुभवाने घालून दिल्या आहेत. त्या टाळून केलेला कोणताही बदल न्याय्य ठरत नाही.